मास्तर सेनेन यांना मी काय क्षमा करणार

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि 'काइमान' या पिकोचे मालक सेन्योर आबेलार्दो एरासो. खास विमानाने बोगोताहून आलेले आणि आल्यापासून कोट न काढलेले प्रमुख पाहुणे सेन्योर उर्दानेता. ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते, ओलाया वस्तीतली एकूण एक ड्रम मशीन चाळीस वर्षं दुरुस्त करणारे मास्तर सेनेन साबालेता. आणि पंख्याखालची जागा पकडायला तासभर आधी येऊन बसलेले माझे वादक बंधू, त्यांच्या सोशिक बायका, आणि तळण बंद ठेवून आलेल्या पेत्रोनाताई, आपणा सर्वांना क्लोदोमीरो बाल्देलामारचा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'क्षमापर मनोगत' असं छापलं आहे. सुबक छापलं आहे. चार दिवसांपूर्वी अध्यक्षांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "क्लोदो, सगळ्यांत मोठा अन्याय तुझ्यावर झालाय. तू मोठ्या मनाने दोन शब्द बोल, मास्तरांना माफ केलं म्हण, म्हणजे सगळ्यांचाच जीव हलका होईल." मी लगेच हो म्हणालो. इतक्या लगेच, की त्यांनाही जरा नवल वाटलं असावं.

तर त्या क्षमेकडे मी येतोच. पण आधी प्रमुख पाहुण्यांचे आभार मानले पाहिजेत, रीत आहे. त्यांनी कंपनीतर्फे मास्तरांना एक भेट आणली आहे. ती टेबलावर सोनेरी कागदात दिसते आहे. ड्रम मशीनची नवी, सुधारित आवृत्ती. मास्तर, घरी गेल्यावर हौसेने उघडायला जाऊ नका. तिला स्क्रूच नाहीत. दोन्ही बाजू डिंकाने चिकटवून टाकल्या आहेत. जन्मभर मशीन उघडून बघणाऱ्या माणसाला न उघडणारी मशीन भेट द्यायची, हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला कंपनीने बढती दिली असणार.

सेन्योर उर्दानेता, आपण राजधानीचे. आपल्याकडे गाणं खोलीत बसून ऐकतात. आमच्याकडे भर रस्त्यात घराएवढे स्पीकर रचतात, त्यावर मगर नाहीतर वाघ रंगवतात आणि त्याला पिको म्हणतात. तबकडी लागते, गाणं अर्ध्यावर येतं, माणसं घामाने निथळायला लागतात, आणि मग त्या गाण्यावर हाताने ड्रम मशीन बडवणारा एक जण लागतो. तबकडी कुणीही लावतो. पण लोक ओरडतात ते त्या बडवणाऱ्याच्या हाताला. 'काइमान'वर अडतीस वर्षं तो हात माझा आहे. गर्व म्हणा हवं तर, पण आहे.

आमची जुनी मशीन म्हणजे चार रबरी बटणांची एक काळी डबी. शहाऐंशी साली खलाशांच्या पिशव्यांतून ती इथे उतरली. तिला आम्ही 'काळी' म्हणतो, लाडाने, जसं बायकोलाही म्हणतो. तिचा मोठा ठोका आहे ना, तो 'धुम्म' असा येतो. कानात येत नाही, बरगड्यांत येतो. आणि गेल्या डिसेंबरात ही नवी आली. हिला आम्ही 'पाहुणी' नाव ठेवलं, कारण ती आली आणि जाण्याचं नावच घेईना.

पाहुणीचं स्वागत कसं झालं ते आपल्याला कळवायला हवं, म्हणजे कंपनीच्या दप्तरी नोंद राहील. पेत्रोनाताईंच्या गाड्यापाशी, बदामाच्या झाडाखाली आम्ही तिला प्लास्टिकच्या टेबलावर ठेवलं आणि आम्हा वादकांपैकी एकेकाने हात लावला. 'टक'. चेंचो म्हणाला, "हे काय? दारावर कोण आलंय?" बेतोने एक हात मुद्दाम मागे ठेवून ठोका दिला, जसा तो नेहमी देतो, किंचित उशिरा, लोकांना तंगवत. मशीनने तो पुढे ओढून सरळ रेषेत आणून बसवला. बेतोने पुन्हा दिला. तिने पुन्हा सरळ केला. "अरे, ही माझी सासू आहे," बेतो म्हणाला, "मी बोलायच्या आत माझं वाक्य दुरुस्त करते." पुस्तिकेत लिहिलं होतं की ती मोबाईलला जोडता येते. चेंचोने विचारलं, "कशाला? कुणाला फोन करणार आहे?" आणि पेत्रोनाताईंनी कढईतून कारिमन्योला काढता काढता निकाल दिला, "माझ्या तेलात पीठ पडल्यावर याहून बरा आवाज येतो." ताई हसतायत, म्हणजे मी खोटं बोलत नाही.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशातली ही गत. पुस्तिकेवर सोनेरी अक्षरांत छापलं होतं, 'जुना आवाज, हुबेहूब'. त्या एका ओळीने आमची डोकी फिरली. आवाज वेगळा दिलात तर द्या, तुमची मशीन आहे. पण हा आमचाच म्हणून का सांगता?

सगळ्यांत जास्त डोकं कुणाचं फिरलं? माझं. मी टेबलावर चढलो. बेतोने मोबाईलवर चित्रण केलं. मी कंपनीला चोर म्हणालो, बहिऱ्या म्हणालो, आणखीही काही म्हणालो जे पेत्रोनाताईंसमोर इथे म्हणणार नाही, तेव्हा त्या कढईआड होत्या. मी माझी काळी डोक्यावर धरून ओरडलो, "ही बघा. शहाऐंशीपासून हिचा एक स्क्रू कुणी फिरवलेला नाही. हा बघा नखरंग. ही बोलते तो खरा आवाज." चाळीस हजार माणसांनी ते पाहिलं. बारांकिया, सांता मार्ता, कुठून कुठून वादकांनी शिव्यांची भर घातली.

नखरंगाचं पाहुण्यांना सांगायला हवं. आमच्यात एक नियम आहे. वादकाच्या मशीनचा आवाज हे त्याचं नाव असतं. त्याला विचारल्याशिवाय तिच्या आत कुणी हात घालायचा नाही. म्हणून नवी मशीन आली की, किंवा दुरुस्तीनंतर झाकण बंद केलं की, प्रत्येक जण स्क्रूवर आपल्या बायकोच्या नखरंगाचा एक थेंब देतो. थेंब फुटला तर कुणीतरी उघडली. आणि ज्याने उघडली असेल तो गाड्यापाशी आला की सगळ्यांनी खुर्च्या फिरवून त्याच्याकडे पाठ करायची. ज्याची मशीन, त्याने पहिली खुर्ची फिरवायची, मग बाकीच्यांनी. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. आजवर दोघांवर अशा खुर्च्या फिरल्या. दोघांनी शहर सोडलं.

कंपनीने काय केलं? मला वाटलं गप्प बसतील. त्यांनी सेन्योर उर्दानेतांना पाठवलं. मार्चमधला शनिवार, हेच सभागृह, हेच पंखे. पाहुण्यांनी बॅगेतून शहाऐंशी सालची एक काळी काढली, कारखान्यातून निघाल्यापासून खोकं न फोडलेली. आमच्यासमोर चिकटपट्टी कापली, तार जोडली, आणि बेतोला म्हणाले, "वाजवा."

'टक'.

बेतोने पुन्हा वाजवली. टक. शेजारी पाहुणी वाजवली. टक. दोन्ही सख्ख्या बहिणी. मग चेंचोची काळी जोडली. धुम्म. खिडकीची काच थरथरली. सेन्योर उर्दानेता तेव्हा जे बोलले ते मला पाठ आहे. "सज्जनहो," ते म्हणाले, "आमच्या नव्या मशीनमध्ये दोष नाही. तुमच्या जुन्या मशीन बिघडलेल्या आहेत." आणि वर हसले. सेन्योर, आपल्याला हसायला काय झालं होतं ते मला आजही कळलेलं नाही.

सगळ्या माना मास्तर सेनेन यांच्याकडे वळल्या. कारण इथली खारी हवा कुठल्याच मशीनला तीन वर्षं धड राहू देत नाही. प्रत्येक काळी कधी ना कधी मास्तरांच्या टेबलावर जाऊन आली होती. एक सोडून. अध्यक्षांना ते आधी आठवलं. ते म्हणाले, "थांबा. क्लोदोची मशीन कधी उघडलेलीच नाही. तिचा आवाज बघू. तिच्यातून धुम्म आला तर कंपनी खोटी."

मंडळी, मशीन माझ्या मांडीवर होती. मी उठलो, ती जोडली आणि वाजवली. धुम्म.

काय टाळ्या पडल्या. आठवतं ना? चेंचोने मला उचललं. सेन्योर उर्दानेतांचा चेहरा पडला, मग त्यांनी शांतपणे विचारलं, "उघडून बघू या का?" मी म्हणालो, "जो हात लावील त्याचा हात मोडीन." तरी ते म्हणाले, "चार स्क्रूंचा प्रश्न आहे. खरं असेल तर भीती कसली?" आणि आपल्यातलेच काही जण म्हणायला लागले, हो, होऊन जाऊ दे, कंपनीचं तोंड कायमचं बंद होईल. बेतो तर स्क्रू-ड्रायव्हर शोधायला उठला.

तेव्हा मास्तर उभे राहिले. मागच्या रांगेतून, खिडकीपाशी. आपण सगळे होता, पण पुन्हा ऐका, कारण मला ते सांगायचं आहे.

मास्तर म्हणाले, "उघडू नका. पाहुणे खरं सांगतायत. एकोणनव्वद साली बंदराचा संप होता, मूळचा कपॅसिटर मिळत नव्हता. जुन्या टीव्हीतला घातला. ऐकायला बरा वाटला. मग जी मशीन आली तिच्यात घालत गेलो."

बेतोने विचारलं, "आम्हाला विचारलं का नाही?"

"विचारायला हवं होतं."

"आणि क्लोदोची? ती तर उघडली नव्हती ना?"

मास्तर थोडा वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "ती पण मीच उघडली. बटणं पुसायला म्हणून त्याने ठेवली होती, तेव्हा. त्याच्या पाठीमागे. नखरंग मी परत लावला."

इतरांच्या मशीनमध्ये न विचारता एक भाग घालणं वेगळं, आणि एकाचा नखरंग फोडून वर तसाच परत लावणं वेगळं. पहिलं कदाचित माफ झालं असतं. दुसऱ्याला आमच्यात माफी नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पहिली खुर्ची माझी.

मी खुर्ची फिरवली. सत्तावीस खुर्च्या माझ्या मागोमाग फिरल्या. फरशीवर त्यांचा तो आवाज झाला. मास्तर सगळ्यांच्या पाठींमधून वाट काढत दारापर्यंत गेले. माझी थोरली मुलगी, बारशाला पाद्र्यासमोर जिला त्यांनी हातात धरलं आणि आम्ही एकमेकांचे कोंपाद्रे झालो, ती दाराशीच उभी होती. तिनेही मान वळवली.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मास्तरांच्या दुकानात काम जाईना. एकेकाने पाहुणी घरी आणली, हप्त्याने. ज्या तोंडांनी तिला सासू म्हटलं त्याच तोंडांनी तिची पुस्तिका वाचायला लागले. बेतो, मान खाली घालू नकोस, मी फक्त सांगतोय. आणि आज, माझ्या आधी बोलताना, प्रमुख पाहुण्यांनी आनंदाची बातमी दिली की पुढच्या आवृत्तीत धुम्म हाही आवाज मिळेल, सत्तेचाळीस नंबरच्या बटणावर, 'कॅरिबियन' या नावाने. आपण टाळ्या वाजवल्या. सेन्योर, मार्चमध्ये हाच आवाज बिघाड होता. जूनमध्ये तो माल झाला. आणि त्यावर नाव कुणाचं? समुद्राचं. समुद्राने आमच्या मशीन गंजवण्यापलीकडे काही केलेलं नाही. म्हणून मग अध्यक्षांना सत्काराची आठवण झाली, मास्तर गुरुवारी लेकीकडे रिओआचाला कायमचे चालले आहेत याची आठवण झाली, आणि माझ्या मोठ्या मनाची आठवण झाली.

आता माझं मोठं मन बघा.

अठ्ठ्याण्णव सालापर्यंत माझी मशीन खरंच कुणी उघडलेली नव्हती. मी ती तांदळाच्या डब्यात ठेवायचो, हवा लागू द्यायचो नाही, बायको ओरडायची. ती जशी कारखान्यातून आली तशीच होती. म्हणजे ती कशी वाजत होती? टक. इतरांच्या काळ्या एकेक करून मास्तरांकडून जाऊन आल्या आणि बरगड्यांत वाजायला लागल्या, आणि माझी मात्र दारावर कोण आलंय. अध्यक्षमहाराज, तेव्हा आपण मला काय म्हणाला होतात? "क्लोदो, कोंबडी पत्र्यावर दाणे टिपतेय असं वाटतं. डिसेंबरपासून चेंचोला घेतो." आपण विसरला असाल. मी विसरलो नाही.

मग एका रविवारी दुपारी, सगळे बेसबॉलच्या मैदानावर असताना, मी मास्तरांच्या दुकानात गेलो. ताकाला जाऊन भांडं लपवत राहिलो. उकाडा काय आहे, पोरं कशी आहेत. शेवटी मास्तरच म्हणाले, "कोंपाद्रे, डबा उघड." मी म्हणालो, "ही चेंचोच्यासारखी करून द्या." मग त्यांनी मला सगळं सांगितलं, संप, टीव्ही, कपॅसिटर, सगळं. म्हणाले, "मागायला आलेला तू पहिला. माझ्या मनाला हे रोज खातंय. पुढच्या रविवारी सगळ्यांना बोलावून सांगून टाकतो. ज्याला नको असेल त्याचा काढून देईन."

आणि मी काय म्हणालो असेन? मी त्यांच्या पाया पडलो. म्हणालो, "सांगू नका. तुम्ही सांगितलंत की मी का आलो तेही निघेल. माझ्या मशीनला हात लागलेला नाही, एवढंच माझं नाव आहे." त्यांनी सांगितलं नाही. सव्वीस वर्षं त्यांनी तुम्हाला जे सांगितलं नाही, ते माझ्यासाठी सांगितलं नाही. नखरंग मास्तरांनी लावला नाही. मीच लावला, बायकोकडे त्याच लाल रंगाची बाटली शिल्लक होती. निदिया, तू तेव्हा विचारलं होतंस की बाटली कुठे गेली. आता कळलं.

मार्चमध्ये सेन्योर उर्दानेता म्हणाले होते चार स्क्रू. बरोबर म्हणाले होते. मास्तर ज्या ज्या मशीनला हात लावतात तिच्या आत एक चिठ्ठी चिकटवतात, आपण कुणी कधी बघितली नाही, कारण आपल्याला आत काय आहे याच्याशी कधीच देणंघेणं नव्हतं. त्या दिवशी ते चार स्क्रू फिरले असते तर मास्तर त्या मोठ्या आरोपातून सुटले असते आणि मी अडकलो असतो. त्यांना हे माहीत होतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर होता. चाळीस वर्षं त्यांचा तो खिसा कधी रिकामा असलेला कुणी पाहिलाय का? त्यांनी तो काढला नाही. मी मूग गिळून बसलो होतो, आणि वर पहिली खुर्ची मीच फिरवली. करून सवरून नामानिराळा राहिलेला माणूस कसा दिसतो ते बघायचं असेल तर आज संधी आहे, तो आपल्यासमोर बोलतोय.

काल दुपारी मी नखरंग खरवडला आणि मशीन उघडली. चिठ्ठी आहे. शाई फिकट झाली आहे, पण अक्षर मास्तरांचं आहे. वाचतो. "क्लोदोमीरो बाल्देलामार. चार ऑक्टोबर, अठ्ठ्याण्णव. कपॅसिटर बदलला. मालकाने स्वतः येऊन मागितला." मशीन उघडीच इथे टेबलावर ठेवतो. सोनेरी कागद जरा सरकवा. ज्याला वाचायचं असेल त्याने येऊन वाचावं, अध्यक्षांनी आधी वाचावं.

आता आभार. सभागृह दिल्याबद्दल शाळेचे, मला बोलावल्याबद्दल अध्यक्षांचे, आणि मार्चमध्ये जो खरा प्रश्न विचारला त्याबद्दल, मला ते मान्य करणं जड जातंय तरी, सेन्योर उर्दानेतांचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर ते आपण सांभाळून घ्यावं, मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही.

पण पत्रिकेत छापलेली क्षमा मला देता येणार नाही. ती माझ्याकडे नाहीच. कोंपाद्रे, ती तुमच्याकडे आहे, आणि मी ती मागतोय. एवढी माणसं बघतायत म्हणून हो म्हणू नका. नाही म्हणालात तरी गुरुवारी तुमची ट्रंक बसवर मीच चढवीन.